माझे म्हणजे कालवलेलं

नाहूर, ८ डिसेंबर

संघमित्रा,

पाकिटावर माझं नाव बघून तू हे फाडलं नाहीस, तर पुढचं वाच. फाडलंस तरी मी दुसरं लिहीन, मला सध्या तेवढाच उद्योग आहे.

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंयस. पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून एक रुपया पाठवून सोबत निरोप लिहायचा प्रयत्न केला, तर तिथेही तू दार लावून घेतलेलं. धन्य आहेस. मग आठवलं, देवेशने एकदा मला घाटकोपरला तुझ्या आईवडिलांकडे पार्सल द्यायला पाठवलं होतं. पवईची खोली सोडून तू तिथेच गेलीस असं कळलं. म्हणून हे पत्र, पोस्टाचं तिकीट लावून. आपल्या वयाच्या बायका असं काही करत नाहीत, पण तू दुसरी वाट ठेवली नाहीस.

मुद्द्यावर येते. मला ते नूडल्स कसे करायचे ते हवंय. जपानी दिसतात, सूप नसलेले, देवेश तुमच्या खोलीवर करत असणार ते.

शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून दे.

दहाव्याला देवेशच्या पिंडाला कावळा शिवला नाही. तुमच्याकडे हे काही नसतं, म्हणून सांगते. दहाव्या दिवशी भाताचे पिंड ठेवतात आणि बाजूला माणसाच्या आवडीचं पान. कावळ्याने चोच लावली की माणूस सुटला. नाही लावली तर त्याची काही इच्छा राहिली असं धरतात. मग घरचे हात जोडून उभे राहतात आणि एकेक वचन देतात, हे करू, ते करू, आता ये बाबा. शेवटी कंटाळून दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला टेकवतात. देवेशला गवताचा कावळा शिवला.

आईने पानात आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, शेवयांची खीर असं सगळं ठेवलं होतं. त्याला आठवीत असताना जे आवडायचं ते. जायच्या आधीची दोन वर्षं तो काय खात होता, हे तिला ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं.

तेव्हापासून आई भात खात नाही. मालवणी बाई, आणि भात नाही, पेजसुद्धा नाही. "माझो झील उपाशी आसा, माझ्या घशाखाली भात कसो उतरतलो?" एवढंच म्हणते. चहा पिते, कधी भाकरीचा पापुद्रा तोंडात टाकते. बांगड्या कोपरापर्यंत वर जातात. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, खात नाही तर मी काय करू. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, लोकांचे जबडे तपासायच्या अपॉइंटमेंट देते, आणि घरी आईचा जबडा उघडत नाही. बाबा असते तर दोघांनी मिळून तिला ओरडलो असतो. ते जाऊन जमाना झाला.

आता जानेवारीत वर्षश्राद्ध आहे. आईने मनात धरलंय की ही शेवटची संधी. यावेळी कावळा शिवला नाही तर ती काय करेल मला माहीत नाही. माझा कावळ्यावर विश्वास नाही, पण मला आई हवी आहे.

अपघातानंतर पोलिसांनी देवेशचा फोन परत दिला, तो आई रोज चार्ज करते. काच तडकलीय, लॉक कुणाला उघडता येत नाही. पडद्यावर एका वाडग्याचा फोटो आहे. नूडल्स, वर खिमा, मध्ये कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. परवा आई तो फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "ह्यां काय खाय होतो तो?" मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाली, "मग तिका विचार."

तिका म्हणाली. तुझं नाव तिने घेतलं नाही, अजून कधीच घेतलेलं नाही. पण विचार असं तीच म्हणाली.

लिहिशील?

मानसी

नाहूर, १९ डिसेंबर

संघमित्रा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं, वर पोस्टमनला दोन शब्द सुनावले असते.

पण हातावर हात ठेवून बसणं माझ्याच्याने होत नाही. रविवारी मी फोटोतल्यासारख्या वाडग्याचा व्हिडिओ मोबाईलवर शोधून ते नूडल्स केले. कोपऱ्यावरच्या दुकानातून चायनीजवाल्याची पातळ नूडल्स आणले, सोया सॉस आणला. व्हिडिओतल्या जपानी बाईचं सगळं झटपट. तिच्याकडे आधीच सगळं चिरलेलं. माझं स्वयंपाकघर युद्धभूमी झालं. नूडल्स नीट निथळले नाहीत, तळाला पाणी राहिलं, मग मीठ कमी वाटलं म्हणून अजून सॉस ओतला. चव विचारू नकोस.

तरी म्हटलं, चाचणी घेऊ. गॅलरीच्या कठड्यावर बशी ठेवली. आई आतून बघत बसली. एक कावळा आला, मान वाकडी करून त्याने बशीकडे बघितलं, आणि उडून शेजारच्या खिडकीत मच्छीचे काटे खायला गेला. आमच्याकडचे कावळे माजलेत, त्यांना सगळ्या घरांचा मेनू पाठ आहे. मी हसले. हसायला नको होतं.

तासाभराने आई कठड्याशी गेली. तोवर नूडल्सचा चिकटून गोळा झाला होता, बशीच्या आकाराचा, गुळगुळीत. तिने तो बोटाने दाबून बघितला. "ह्यो तर पिंडच झालो," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

दहाव्याला तिथे अजून एक गोष्ट झाली. ती तुझ्या कानावर आलेली नसणार. मला ती लिहायची आहे आणि लिहवत नाही. तू उत्तर दिलंस तर लिहीन. ही धमकी नाही गं, मला धीर होत नाही एवढंच.

मानसी

घाटकोपर, २८ डिसेंबर

मानसी,

दोन्ही पत्रं पोचली. पहिलं पप्पांच्या हातात पडलं. आमच्याकडे हाताने लिहिलेलं पत्र कुणाचंच येत नाही, म्हणून त्यांनी उघडलं आणि वाचलं. त्यांचं म्हणणं, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. या घरातून पिंडासाठी शब्दही जाणार नाही. मलाही ते पटतं. देवेश कुठे अडकलेला नाही. तो नाही. हे स्वतःला सांगायला मला वर्ष लागलं, आणि तुझ्या एका पत्राने मी पुन्हा आभाळात कावळे बघायला लागले. त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

आई भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "बाई जेवत न्हाई म्हणत्यात न्हवं? मग दे की. जेवाय दे. दुसऱ्या कशाला देऊ नको."

म्हणून देते.

त्याचं नाव माझेसोबा. सोबा म्हणजे नूडल्स, आणि माझे म्हणजे कालवलेलं. देवेशला हे कळलं तेव्हा तो अर्धा तास हसत होता. दोन वाडगे भरायचा आणि म्हणायचा, हे माझे आणि हे तुझेसोबा. रोज तोच जोक. मी रोज उशी फेकून मारायची.

नूडल्स जाड घे, पवईच्या मोठ्या दुकानात मिळतात. उकळून पूर्ण निथळ, थेंब राहिला तरी वाट लागते. वाडगा आधी गरम पाण्याने तापव आणि कोरडा पूस. तळाशी दोन चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, तिळाचं तेल, चिमूटभर साखर, आणि तेलात लाल तिखट फुलवून त्यातलं थोडं. यावर गरम नूडल्स. नूडल्सवर चिकनचा खिमा, आलं-लसूण भरपूर घालून अगदी सुका परतलेला. कांद्याची पात. थोडा कच्चा लसूण किसून. मधोमध बलक. सगळं चिरून, परतून तयार असलं तर नूडल्स उकळायला लागतात तेवढाच वेळ.

आणि वरून जवळ्याचं कूट.

जपानात सुक्या माशाची पूड घालतात. ती आपल्याला कुठून मिळणार? देवेशने पहिल्यांदा तुमच्या घरचा जवळा घातला, तुझ्या आईने भाजून कुटलेला, आणि म्हणाला, सापडलं. तो महिन्यातून एकदा तुमच्याकडे यायचा ना, येताना बरणी भरून आणायचा. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या गणपतीत तो रिकामी बरणी घेऊन परत आला. खूप मागे लागले तेव्हा म्हणाला, आई म्हणते, 'तिच्या शेगडीवर माझा जवळा जायचा नाही.' मग त्याने बाजारातून आणला. एकदा करून बघितलं, अर्धं टाकलं. नंतर केलंच नाही. फोनवरचा तो फोटो तुमची बरणी संपली त्या दिवशीचा आहे.

खायचं कसं ते सांगते. तळापासून वर, जोरात कालवायचं, बलक सगळीकडे लागेपर्यंत. काड्या मी वापरायची, तो हाताने कालवायचा. नूडल्स संपले की वाडग्यात जे राहतं त्यात मूठभर भात घालून तोही कालवायचा. जपानी लोक असंच करतात म्हणायचा. मला वाटायचं, थापा मारतो, भाताशिवाय याचं पोट भरत नाही. नंतर वाचलं तर खरंच करतात.

गरम असतानाच खायचं. थांबलं की गोळा होतो, तुझा झाला तसा. कुणाची तरी वाट बघत ठेवून द्यायची ही वस्तू नाही.

हे मी जेवण म्हणून देते आहे, पिंड म्हणून नाही. तू त्याचं काय करशील ते मी थांबवू शकत नाही, पण मी कशासाठी दिलं ते लक्षात ठेव. आणि मला खोटं लिहू नकोस. स्मशानाच्या फाटकाशी तू माझ्या हातात पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालीस, थांब, आत्ता येते. मी अंधार पडेपर्यंत तिथे होते.

संघमित्रा

नाहूर, ७ जानेवारी

संघमित्रा,

तुझं पत्र मिळालं. बाटलीचं खरं आहे. आत गेल्यावर काकाने मला आईला धरायला सांगितलं आणि मी तिला धरून बसले. तू बाहेर आहेस हे मला पूर्ण वेळ माहीत होतं.

खोटं लिहिणार नाही.

जवळ्याचा भाग मी आईला वाचून दाखवला. बाकी काही नाही. ती उठली, फळीवरून जवळ्याचा डबा काढला, तवा ठेवला आणि मंद आचेवर जवळा भाजत बसली. डोकी, मिशा निवडून टाकल्या. सगळ्या मजल्यावर वास पसरला, समोरच्या जैन काकूंनी धाडधाड खिडक्या लावून घेतल्या. मग आईने तो खलबत्त्यात कुटला. मिक्सर आहे म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी मिक्सर परत आत ठेवला. कुटता कुटता एकदाच म्हणाली, "बाजारातलो कशाक घेतल्यान? परत येवचो होतो ना, मागूक. मी काय दुसऱ्यांदा नाय म्हटलंय असतंय?"

तो परत मागायला आला नाही, आणि आता येणारही नाही.

मी पवईहून जाड नूडल्स आणले. तू लिहिलंस तसंच केलं. निथळताना चाळण इतकी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. जमलं गं. वरून कूट घातलं, तळापासून कालवलं, हाताने. तिखट, आंबट, खमंग, आणि मध्येच आमच्या घरचा वास. पहिल्या घासाला मी रडले. मग वाडग्यात भात घातला, तोही खाल्ला. आईसाठी दुसरा वाडगा केला तर म्हणाली, "आधी तो. मगे मी." समोर ठेवून बसली. वाडग्यातल्या नूडल्सचा गोळा झाला.

आता ती दहाव्याची गोष्ट.

कावळे झाडावर होते, खाली उतरत नव्हते. सगळ्यांनी वचनं देऊन झाली. मानसीचं लग्न करू, आईला सांभाळू, गावच्या घराला पत्रे घालू. काही नाही. मग चंद्रप्रकाशकाका पुढे झाला. तो गावचा सरळ माणूस, त्याने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "देवेशा, तुझ्या त्या चेडवाक आमी घरात घेतंव रे. आता तरी ये." तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हेच राहिलंय. झाडावरचा एक कावळा खरंच खालच्या फांदीवर आला होता. आणि आई ओरडली, "भावोजी! तां नाव हंयसर घेऊक नको!" काकाने तर नावही घेतलं नव्हतं. कावळा उडाला. भटजींनी दर्भ मागवला.

आईने मुलाला सुटू दिलं नाही, संघमित्रा. तुला घरात घ्यायला लागू नये म्हणून. आणि मग स्वतः भात सोडला. मी रोज या बाईच्या शेजारी झोपते.

पण परवा एक झालं. कुटलेला जवळा बरणीत भरताना आईने विचारलं, "तिका तिखट चलता काय?" मी म्हटलं, चालतं. तिने मान हलवली. मग मी धीर करून विचारलं, वर्षश्राद्धाच्या दिवशी तिला बोलावू का? आई नाही म्हणाली नाही. तुला ठाऊक नाही, आमच्या घरात आई लगेच नाही म्हणते.

शुक्रवारी, सोळा तारखेला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. श्राद्धाला ये असं म्हणत नाही. नंतर खाली घरी ये, जेवायला. मी गरम करून वाढेन.

मानसी

नाहूर, १८ जानेवारी

संघमित्रा,

तू आली नाहीस ते बरं केलंस.

हे पत्र मी एकदा लिहून फाडलं. त्यात सगळं गोड होतं. ते तुला पोचलं असतं तर तू कदाचित एखाद्या रविवारी साडी नेसून, तुझ्या आईला, सुंदराबाईंना घेऊन आमच्या दारात उभी राहिली असतीस. म्हणून फाडलं. आता झालं तसं सांगते.

गच्चीवर पान मांडलं. भात, वरण, वडे, खीर, आणि मध्ये माझेसोबा. ते मी घरात करून पळत वर नेलं, वाफ निघत होती. काका गावाहून आला होता. पाण्याच्या टाकीवर कावळे ओळीने बसलेले, एकही खाली येईना. आम्ही वाट बघत राहिलो. वाफ गेली. बलकावर साय धरल्यासारखं झालं. नूडल्स आकसायला लागले आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा पुन्हा गोळा झाला. तू सांगितलं होतंस, वाट बघत ठेवायची ही वस्तू नाही.

काका यावेळी तोंड उघडेना. खाली मान घालून उभा. मी आईकडे बघितलं. ती कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं आता पडते. पण ती पुढे गेली, पानासमोर बसली, कपाळ जमिनीला लावलं आणि म्हणाली, "देवेशा, संघमित्रेक मी घरात घेतंय. सून म्हणान घेतंय. आता तरी शिव रे माझ्या सोन्या."

सगळ्यांनी ऐकलं. काका हमसून रडायला लागला. मीही. मला त्या क्षणी वाटलं, संपलं, वर्षभराचं हे ओझं उतरलं, आता मी घाटकोपरला धावत जाणार.

आणि कावळा आला. थेट नूडल्सवर. आधी बलक फोडला, मग गोळा चोचीत धरून ओढला, निम्मा पानाबाहेर सांडला. मागून आणखी दोघे. तुझ्या पप्पांनी हे वाचलं तर म्हणतील, अंडं आणि खिमा ठेवल्यावर कावळा नाही तर कोण येणार. बरोबर आहे. मलाही तेव्हाच कळलं. पण आई हात जोडून हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

खाली आलो. आईने स्वतःच्या हाताने पान वाढून घेतलं. भात. वरण घालून कालवला आणि खाल्ला, परत मागून घेतला, मिटक्या मारत. मी समोर बसून बघत होते, आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. तिचं जेवण झाल्यावर काकाचा फोन घेतला, त्याचा नंबर तू ब्लॉक केलेला नसणार म्हणून, आणि विचारलं, "आई, लावू ना?"

"कोणाक?"

"संघमित्राला. आत्ता वर म्हणालीस ना."

आईने ताटात हात धुतला. पदराला पुसला. आणि अगदी शांतपणे, जशी ती मला दूध वर ठेव म्हणते तशी, म्हणाली, "तां मी तेका सांगितलंय. सुटलो तो. आता कशाक?"

मी काकाकडे बघितलं. तो चप्पल शोधत होता.

तेव्हापासून ती दोन्ही वेळ जेवते. काल बाजारात गेली, शेजारणीशी भांडली. देवेशचा फोन चार्ज करत नाही, कपाटात ठेवून दिला. ती बरी होईल. मला हवं होतं ते मिळालं. तिचा राग येत नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहू नकोस म्हणालीस. येतो. ती घास घेते तेव्हा येतो. तू जे जेवायला दिलंस ते मी कावळ्याला घातलं, त्याचाही येतो.

या पत्रासोबत बरणी पाठवते आहे, जवळ्याची. आईला विचारलं नाही. विचारणारही नाही. तुझ्या शेगडीवर घाल, किंवा फेकून दे.

एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि ती तुझी आहे म्हणून लिहिते. इतक्या वर्षांत आईने तुझं नाव एकदाच घेतलं. स्पष्ट, पूर्ण, कुठेही न अडखळता. मला वाटायचं तिला ते म्हणताच येत नाही. येतं. मी ऐकलं, काकाने ऐकलं.

पण तिने ते घेतलं कावळ्यासाठी.

मानसी